‘जैसे थे’चा कारभार

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहाला कुलूप नव्हते, तरी तिथे कोणी फिरकत नसे. गेल्या उन्हाळ्यात नाल्याच्या एका तक्रारीसाठी गेलो होतो, तेव्हा दार ढकलून आत डोकावलो. अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्यांवर पांढरी कापडे टाकली होती. मागच्या भिंतीवर आजवरच्या नगराध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक होता. शेवटच्या नावापुढचे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे दोन्ही रकाने भरलेले, आणि त्याखाली हातभर मोकळी पाटी. शिपाई म्हणाला, ‘‘साहेब, इथं आता फक्त डोळे तपासणीची शिबिरं होतात.’’

खाली आवक-जावकच्या टेबलावर अर्ज दिला. तिथल्या बाईंनी तो परत केला आणि मायना दुरुस्त करायला सांगितला. मी ‘मा. मुख्याधिकारी’ असे लिहिले होते. ‘‘मा. प्रशासक तथा मुख्याधिकारी लिहा, नाहीतर फाईल कुठं जाईल सांगता येत नाही.’’ मी ‘प्रशासक तथा’ एवढे दोन शब्द वर घुसडले, शिक्का बसला, पोच मिळाली.

महाराष्ट्रातली शहरे आणि जिल्हा परिषदा गेली काही वर्षे याच ‘तथा’वर चालली. महापालिकेत ‘प्रशासक तथा आयुक्त’, जिल्हा परिषदेत ‘प्रशासक तथा मुख्य कार्यकारी अधिकारी’. ज्याने प्रस्ताव मांडायचा तोच तो मंजूर करणार. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्याच्या आधीच्या वर्षीचा सुमारे ५९,९५४ कोटींचा, आणि त्याच्याही आधीचा ५२,६१९ कोटींचा. या तिन्हींवर एकाही नगरसेवकाने हात वर केला नाही, कारण सभागृहात नगरसेवकच नव्हते. प्रशासनाने अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासनाच्याच प्रमुखाने तो स्वीकारायचा, अशी रीत पडली.

घटनेत हे बसत नाही. १९९२ साली झालेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. त्यांचा गाभा एका साध्या वाक्यात आहे: पंचायतीची आणि नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही. नवी निवडणूक ही मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी. संस्था मध्येच बरखास्त झाली, तर सहा महिन्यांच्या आत. हे वाक्य घालणाऱ्यांना आधीचा अनुभव होता. राज्य सरकारांना वाटेल तेव्हा नगरपालिका गुंडाळायची आणि वाटेल तितकी वर्षे निवडणूक घ्यायची नाही, हा खेळ देशभर चालत आला होता. तो बंद करण्यासाठीच हे कलम घटनेत आले.

औरंगाबाद महापालिकेचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे पाहा. तिथले नगरसेवक एप्रिल २०१५ मध्ये निवडून आले, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, आणि पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. पाच वर्षांचा एक अख्खा कार्यकाळ कोणालाही निवडून न देता सरला, वर आठ-नऊ महिने. नवी मुंबईची गत तीच. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुण्याची त्याच महिन्यात. सुरुवातीचे कारण करोना होते आणि ते खरेही होते. पण करोना ओसरल्यावर जे उरले, ते न्यायालयीन होते.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगायला हवे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाने निवडणुका रोखल्या, असा समज सगळीकडे पसरला आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कृष्णमूर्ती प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या. शिक्षणात आणि नोकरीत मागास असणे वेगळे आणि राजकारणात मागास असणे वेगळे. त्यामुळे स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला त्या-त्या ठिकाणच्या माहितीचा आधार हवा. आणि सगळे आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अपवाद फक्त अनुसूचित क्षेत्रांतल्या आदिवासींच्या आरक्षणापुरता. महाराष्ट्राच्या कायद्यात तर सरसकट २७ टक्के लिहिलेले होते. म्हणजे २०१० च्या मे महिन्यापासून राज्याला हे काम लागले होते. त्यानंतर आघाडीचे सरकार चार वर्षे होते, युतीचे पाच वर्षे, मग महाविकास आघाडी आली. माहिती कोणीच गोळा केली नाही. ओबीसींच्या नावाने मेळावे मात्र सगळ्यांनी घेतले.

४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते २७ टक्क्यांचे कलम छाटले आणि तीन अटी स्पष्ट केल्या: स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण ठरवा, ५० टक्क्यांची रेषा ओलांडू नका. मराठी वर्तमानपत्रांनी या अटींना ‘तिहेरी चाचणी’ म्हटले. पुढे सप्टेंबरमध्ये राज्याने अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो थांबवला आणि त्या जागा खुल्या म्हणून लढवायला सांगितल्या. मार्च २०२२ मध्ये राज्याने माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला. ४ मे २०२२ ला न्यायालयाने निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितले. आरक्षणाचे काम बाकी असेल तर निवडणूक त्याच्याशिवाय होईल, हा त्याचा अर्थ होता. जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि २० जुलैला न्यायालयाने त्यानुसार पुढे जायला परवानगी दिली.

इथे वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, याचे कारण ओबीसी आरक्षण नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये, सत्तांतरानंतर आलेल्या नव्या सरकारने आधीच्या महाविकास आघाडी सरकारची प्रभागरचना उलटवली. मुंबईतल्या जागा २२७ च्या २३६ झाल्या होत्या, त्या परत २२७ केल्या. इतर महापालिकांत तीन सदस्यांचे प्रभाग ठरले होते, ते पुन्हा चार सदस्यांच्या जुन्या पद्धतीवर नेले. त्यावर याचिका झाल्या. २२ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला, पाच आठवड्यांसाठी.

त्या पाच आठवड्यांची मुदत ६ मे २०२५ पर्यंत चालली.

मधल्या काळात पुढची तारीख, पुढची तारीख, वेळ मिळाला नाही, खंडपीठ बदलले. या सगळ्यात कोणी दुष्ट हेतूने वागले असे मला म्हणायचे नाही. न्यायालयाच्या कामात तारखा पडतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझा प्रश्न ‘जैसे थे’ या दोन शब्दांबद्दल आहे.

जमिनीच्या वादात ‘जैसे थे’ला अर्थ असतो. शेताचा बांध कोणाचा हे ठरेपर्यंत कोणी तो फोडू नये, एवढेच त्यात अभिप्रेत असते. ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहिला, तर नुकसान भरून काढता येते. पण मुदत संपलेल्या नगरपालिकेत ‘जैसे थे’ म्हणजे नेमके काय? तिथे जसे आहे ते प्रशासकाचे राज्य आहे, आणि घटना नेमके तेच होऊ देत नाही. निवडणूक थांबवून न्यायालय दोन पक्षांच्या मधोमध उभे राहत नाही. ते एका पक्षाच्या पारड्यात पडते, कारण निवडणूक न झाल्याचा फायदा कोणाला तरी रोज होत असतो. शेताच्या बांधाचे नुकसान पुढे मोजता येते. मतदानाविना गेलेली तीन वर्षे कोणत्या निकालाने परत मिळणार?

फायदा कोणाला होतो, हे ओळखायला फार शोध लागत नाही. नगरसेवक नसले की त्यांच्या वाट्याचे अधिकार हवेत विरत नाहीत, वर सरकतात. २०२३ च्या जुलैत मुंबई उपनगराचे पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांना महापालिकेच्या मुख्यालयात दालन मिळाले, तेव्हा माजी नगरसेवकांनी आरडाओरडा केला. त्यात राजकारण होते, पण चित्र खोटे नव्हते. निवडून आलेल्यांची दारे बंद असलेल्या इमारतीत राज्याच्या मंत्र्यासाठी दार उघडले होते. सुमारे सहा हजार कोटींच्या रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे याच काळात निघाली. त्यावर आरोप झाले, खुलासे झाले. ते काम बरोबर होते की चूक, यावर मी इथे मत देणार नाही. स्थायी समिती असती तर तिथेही टक्केवारी निघाली असती, असे म्हणणारे लोक भेटतात आणि त्यांना वेड्यात काढता येत नाही. पण स्थायी समितीत विरोधी पक्षाचा एक तरी सदस्य हरकत नोंदवतो, दुसऱ्या दिवशी ती छापून येते, आणि पाच वर्षांनी मतदाराला तो माणूस दारात सापडतो. प्रशासकाची बदली होते.

आमच्याकडे एक सेवानिवृत्त मास्तर आहेत, ते म्हणायचे, ‘‘बरं चाललंय की! नगरसेवक नाहीत, भांडणं नाहीत, रस्ता झाला.’’ रस्ता खरोखर झाला होता. त्याच्या कडेची गटार मात्र झाली नव्हती, आणि ती का झाली नाही हे विचारायला कोणी नव्हते. ‘आपले सरकार’वर तक्रार टाकली की क्रमांक येतो. पूर्वी आमच्या वॉर्डातल्या बाई चहाच्या टपरीवर नगरसेवकाला गाठून म्हणायच्या, ‘‘भाऊ, पाणी दोन दिवस नाही आलं, आता तुमच्या घरी कपडे घेऊन येते.’’ तेही उत्तरदायित्वच होते, फार शास्त्रशुद्ध नसले तरी चालू असलेले.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही.

आरक्षणाशिवाय निवडणूक घ्या आणि वाद मग सोडवा, असे म्हणणे सोपे आहे. पण एकदा निवडणूक झाली की पुढची पाच वर्षे ती संस्था तशीच राहते. तेली, माळी, धनगर, न्हावी, कोष्टी या समाजांतले हजारो कार्यकर्ते आरक्षणामुळेच पहिल्यांदा सभागृहात बसले. त्यांना पाच वर्षे थांबा म्हणणे हे कोणाच्या तरी बाजूने झुकणेच आहे. हा मुद्दा मला पटतो. मतदानाविना गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, हे मी वर म्हटले, तसेच प्रतिनिधित्वाविना गेलेलीही परत मिळत नाहीत.

शिवाय माहिती कोठून आणायची? देशात सर्व जातींची शेवटची पूर्ण मोजणी १९३१ ची आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली जातीची आकडेवारी राज्याने मागितली, पण केंद्राने ती सदोष म्हणून दिली नाही आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानेही राज्याची मागणी फेटाळली. मग बांठिया आयोगाने मतदार याद्यांतल्या आडनावांवरून अंदाज बांधला, अशी टीका झाली. आडनावावरून जात ओळखायची, तीही महाराष्ट्रात! पवार मराठा असतो, धनगर असतो, पारधी असतो, बंजाराही असतो. जाधव आणि चव्हाण यांचेही तेच. गावातल्या तलाठ्याला विचारले असते तरी त्याने हसून हात जोडले असते. आयोगाने राज्यातली ओबीसी लोकसंख्या सुमारे ३७ टक्के सांगितली. ओबीसी नेत्यांना ती कमी वाटली, इतरांना पुराव्याविना वाटली. केंद्राने जातनिहाय गणनेचा निर्णय घेतला तो ३० एप्रिल २०२५ ला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या मे महिन्यातल्या आदेशाच्या जेमतेम आठवडाभर आधी.

आणि ५० टक्क्यांची रेषा. ती कागदावर निरुपद्रवी दिसते, पण जिल्ह्यात उतरली की चावते. समजा, एका जिल्हा परिषदेत ५० जागा आहेत. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येनुसार ६ जागा राखीव, अनुसूचित जमातींच्या १०. झाल्या १६. सत्तावीस टक्क्यांनी ओबीसींच्या साडेतेरा, म्हणजे १४ धरा. एकूण ३०, म्हणजे ६० टक्के. रेषा पाळायची तर २५ च्या पुढे जाता येत नाही, मग ओबीसींना ९ मिळतील. पाच जागा गेल्या. जिथे अनुसूचित जाती-जमातींचीच लोकसंख्या मिळून निम्म्याच्या आसपास किंवा वर आहे, त्या नंदुरबार, गडचिरोली, पालघर जिल्हा परिषदांत ओबीसींना बांठिया अहवालाप्रमाणे काहीच उरत नाही. गडचिरोलीतल्या ओबीसी कार्यकर्त्याला याचे समाधान कोणत्या कायद्याने द्यायचे? त्याच्या जिल्ह्यात त्याचा समाज लोकसंख्येने मोठा आहे, पण राखीव जागेच्या हिशोबात शून्य.

सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती सूर्य कांत यांनी आरक्षणाची तुलना रेल्वेच्या डब्याशी केली होती: आत शिरलेल्यांना वाटते बाहेरचा कोणी शिरू नये. दाद मिळवणारी उपमा. पण नंदुरबारचा ओबीसी कार्यकर्ता अजून फलाटावरच उभा आहे, हेही त्याच डब्याच्या खिडकीतून दिसते.

तरीसुद्धा माझे मत बदलत नाही, आणि त्याचे कारण ६ मे २०२५ च्या आदेशातच आहे. त्या दिवशी न्यायालयाने काय केले? बांठिया अहवालाच्या आधी जे आरक्षण होते त्यानुसार निवडणुका घ्या, चार आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा, चार महिन्यांत उरका, मूळ वाद चालू राहील. म्हणजे तात्पुरती सोय करून निवडणूक घेता येत होती. ती २०२२ च्या ऑगस्टमध्येही करता आली असती. ओबीसींचे आरक्षण वाचवण्यासाठी पावणेतीन वर्षे थांबायची गरज नव्हती. थांबून त्यांना मिळाले काय? शून्य जागा, कारण सगळ्याच जागा शून्य होत्या. प्रशासकाच्या काळात माळी समाजाचा नगरसेवक नव्हता, तसाच मराठ्यांचाही नव्हता. आरक्षणाच्या बाजूने लढणाऱ्यांनी निवडणूक थांबवण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते, हे हिशोबात धरायला हवे होते.

तो मे महिन्याचा आदेशही सरळ अमलात आला नाही. आधी मतदान यंत्रे कमी पडली, मग कर्मचारी, मग सणवार, मग परीक्षा. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शेवटची म्हणून ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिली. नोव्हेंबरमध्ये कळले की राज्याने ‘आधीचे आरक्षण’ म्हणजे सरसकट २७ टक्के असे वाचले आणि कित्येक ठिकाणी एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेले. न्यायालय म्हणाले, आम्ही असे कधी सांगितले? राज्य म्हणाले, आम्हाला असेच समजले. एकाच आदेशाचे दोन अर्थ निघतात याला वकिलांची हुशारी म्हणा. पण २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या उमेदवारांनी तोवर अर्ज भरले होते. २८ नोव्हेंबरला न्यायालयाने मार्ग काढला: मतदान होऊ द्या, पण ज्या ५७ संस्थांत रेषा ओलांडली आहे तिथला निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन राहील.

तरी गोंधळ संपेना. उमेदवारी अर्जांवरची अपिले जिल्हा न्यायालयांत उशिरा निकाली निघाली, म्हणून आयोगाने काही नगरपालिकांचे मतदान ऐन वेळी २० डिसेंबरवर ढकलले. २ डिसेंबरला बाकीच्या ठिकाणी मतदान झाले, आणि त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांची मतमोजणी २१ डिसेंबरला एकदम करायला सांगितले. आमच्याकडे तालुक्याच्या गोदामात यंत्रे सील करून ठेवली होती. बाहेर दोन्ही गटांचे कार्यकर्ते आळीपाळीने शेकोटी पेटवून एकोणीस रात्री बसले. एकाने सांगितले, ‘‘विश्वास आहे हो, पण घरी झोप येत नाही.’’

हे सगळे टळू शकते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात २०२१ साली पाच नगरपालिकांमध्ये (मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे, सांगे) महिलांचे आरक्षण नीट दिले नव्हते. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १ मार्चला ते रद्द केले. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, ३० एप्रिलपर्यंत निवडणूक पूर्ण करायला सांगितले, आणि जाता जाता राज्याच्या कायदा सचिवाकडेच निवडणूक आयुक्ताचा पदभार होता यावर कडक शब्दांत बोट ठेवले. सरकारच्या नोकरीत असलेला माणूस स्वतंत्र आयुक्त होऊ शकत नाही. खालचा आणि वरचा निकाल यांत अकरा दिवसांचे अंतर. प्रकरण लहान होते, मान्य. पण न्यायालयाने तिथे तारीख आधी ठरवली आणि बाकी सगळे तिच्यात बसवले. महाराष्ट्राच्या बाबतीत २०२५ पर्यंत उलटे झाले.

घटनेने खरे तर न्यायालयाला या वाटेतून बाजूला ठेवले होते. निवडणूक प्रक्रिया सुरू झाली की न्यायालयाने मध्ये पडायचे नाही, तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका करायची, अशी कलमे पंचायतींसाठीही आहेत आणि नगरपालिकांसाठीही. मग एवढी वर्षे कशी गेली? कारण सगळा खेळ प्रक्रिया सुरू होण्याच्या आधी खेळला जातो. प्रभागरचना, जागांची संख्या, आरक्षण, सोडत. या टप्प्याला ना तारीख आहे, ना मर्यादा. प्रभागरचना पूर्वी राज्य निवडणूक आयोग करत असे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून तो अधिकार राज्य सरकारकडे घेतला, आणि सत्ताधारी-विरोधक सगळ्यांनी मिळून तो मंजूर केला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एकत्र आले, हेच मला त्या अधिवेशनातले सर्वात बोलके दृश्य वाटते. त्यानंतर प्रत्येक नव्या सरकारला निवडणूक पुढे ढकलण्यासाठी काहीच करावे लागत नाही. प्रभागाची रेषा नाल्याच्या अलीकडून काढण्याऐवजी पलीकडून काढली की हरकती येतात, हरकतींवर सुनावणी होते, सुनावणीवर याचिका होते. पुढचे काम कोर्टाची तारीख करते.

२००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगांना खडसावून सांगितले होते की, वेळेवर निवडणूक घेणे ही तुमची घटनात्मक जबाबदारी आहे. राज्य सरकार मदत करत नसेल तर उच्च न्यायालयात जा, गरज पडली तर सर्वोच्च न्यायालयात. म्हणजे आयोगाच्या हातात दरवाजा ठोठावण्याचा अधिकार वीस वर्षे आहे. पण जिथे आयुक्त बहुधा सेवानिवृत्त सनदी अधिकारी असतो आणि कर्मचारी राज्य सरकारकडूनच येतात, तिथे सरकारविरुद्ध न्यायालयात जायला किती जण धजावतील?

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती याच नाण्याची दुसरी बाजू आहे. संस्था मुदतीबाहेर चालवायला सरकारला काही वाटत नाही, पण मुदतीच्या आत निवडून आलेल्याला काढायला फार वेळ लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांनी अपात्र ठरवले होते. आरोप असा की, ती सरकारी जमिनीवरच्या घरात सासूबरोबर राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बाईच्या हाताखाली काम करणे गावाला झेपत नाही हे यामागचे खरे कारण असल्याचे स्पष्ट म्हटले. तिला दिल्ली गाठावी लागली. ज्यांना दिल्ली गाठता येत नाही त्या सरपंच कुठे जात असतील, याचा विचार करताना मला आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन नावांची आठवण होते.

मग काय करायला हवे? मला क्रांतिकारक काही सुचत नाही. जे न्यायालयाने मे २०२२ मध्ये सुचवले आणि मे २०२५ मध्ये केले, तेच कायद्यात लिहून टाकावे. मुदत संपण्याच्या ठरावीक महिने आधी नवी प्रभागरचना आणि आरक्षण अंतिम झाले नसेल, तर शेवटची वैध रचना आणि शेवटचे वैध आरक्षण आपोआप लागू होईल. वाद चालू राहील, निकाल पुढच्या निवडणुकीला लागू होईल. यात ओबीसींचे नुकसान नाही, उलट त्यांच्या जागा वाद चालू असतानाही टिकतील. सरकारला मात्र रेषा अलीकडची पलीकडे करून काही मिळणार नाही, आणि मिळणार नसले की ते करणारही नाही. शिवाय मुदत संपल्यावर प्रशासक फार तर सहा महिने, आणि त्याने त्या काळात मोठी कंत्राटे किंवा नवे कर लावू नयेत, एवढे बंधन पुरे. पैशाचेही भान हवे. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाला निवडून आलेली संस्था असण्याची अट घातली होती. निवडणूक न झालेल्या ठिकाणी केंद्राचा तो हप्ता अडकला आणि गावाच्या नळाला, शहराच्या नाल्याला त्याची झळ बसली. त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न एकाही सुनावणीत कोणी राज्याला विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमची नगरपालिका त्या सत्तावन्नांपैकी एक. सोडतीच्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीने पारदर्शक डब्यात हात घालून चिठ्ठ्या काढल्या होत्या. तिने काढलेल्या एका चिठ्ठीवर जो प्रभाग ओबीसी महिलेसाठी राखीव झाला, तिथून निवडून आलेल्या बाई पहिल्यांदाच राजकारणात आल्या. त्यांचे निवडून येणे न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन आहे. त्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘माहिती आहे. पण तोपर्यंत गटारीचं टेंडर तरी काढू ना?’’

जानेवारीत पुन्हा सभागृहात गेलो. खुर्च्यांवरची कापडे काढली होती. स्टुलावर उभा राहून रंगारी फलकावर नव्या नगराध्यक्षांचे नाव लिहीत होता, पिवळ्या रंगाने, जुन्या अक्षरांच्या वळणाशी जुळवत. ‘पासून’च्या रकान्यात त्याने तारीख घातली आणि ब्रश डबीत बुडवला. ‘‘‘पर्यंत’चं?’’ मी विचारले. ‘‘ते मी कधीच लिहीत नाही,’’ तो म्हणाला, ‘‘ते साहेब कळवतात तेव्हा येतो.’’